सात किलोचं मशीन

पनवेलच्या बाजारात अवधूतशेठचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. तिथे मुबीना वॉशिंग मशीन विकते. एका दुपारी कोन गावच्या भामाकाकू तणतणत आत शिरल्या आणि पिशवीतली ओली चादर त्यांनी थेट काउंटरवर पसरली. चादरीच्या घडीत साबणाची पावडर तशीच चिकटलेली.

"सात किलोचा सांगून गळ्यात मारलाव! सात किलो कपडे कुटं धुतंय ह्या? आमी येडे हाय काय?"

अवधूतशेठ मुबीनाच्या कानाशी लागले, "कंपनीचा नंबर दे आणि मोकळी हो." नंबर तिने दिला, पण चादर तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. हेच मशीन तीही रोज सात किलोचं म्हणून विकत होती, आणि सात किलो म्हणजे नक्की किती कपडे, हे तिने स्वतः कधी पाहिलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी शेजारच्या कांदेवाल्याचा ताणकाटा मागून घेऊन ती कोनला गेली.

"तुमी घरी आलाव?" भामाकाकू दारातच थबकल्या.

"काकू, चला, बघूच या. खरं काय ते दोघींनाही कळेल."

सुके कपडे साडीत बांधून काट्याला लटकवले. सात किलो भरले तेव्हा ढीग बघून दोघी हसल्या. ड्रममध्ये कोंबताना मुबीनाला खांदा लावावा लागला. काकूंनी सवयीने झटपट धुण्याचं बटण दाबलं. कपडे बाहेर आले ते मधे कोरडे, वर पावडर. मग मुबीनाने माहितीपुस्तिका उघडली. सात किलोचा आकडा सुक्या सुती कपड्यांचा, तोही लांबलचक धुण्याचा. झटपट धुण्याला त्याच्या निम्मेच कपडे. जाहिरातीत यातलं अक्षरही नव्हतं.

तेच कपडे लांबलचक धुण्याला लावले. जेवणं झाली, गप्पा झाल्या, तरी मशीन फिरतच होतं. पण कपडे निघाले स्वच्छ.

"म्हंजे खोटा नाय, पन सगला सांगत बी नाय," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुबीनाने घरचे कपडे आणून दुकानातल्या मशीनशेजारी रचले. येणाऱ्याला ती म्हणायची, "आकडा राहू द्या. तुमच्या घरी एका वेळी जेवढे निघतात तेवढे यात भरा, वर हात सहज फिरला पाहिजे." अवधूतशेठ वैतागले. "अगं, लोक घाबरून समोरच्या दुकानात जातात!" काहीजण गेलेही. मुबीनाने ढीग हलवला नाही. पण तक्रारी घेऊन परत येणारे कमी झाले, आणि शेठ आपणच गिऱ्हाइकाला सांगू लागले, "आधी मुबीनाकडे जा."

लग्नसराईत भामाकाकू आपटा गावच्या विहीणबाईंना घेऊन आल्या. विहीणबाईंनी दुकानातल्या सगळ्यात मोठ्या मशीनवर हात ठेवला. "ह्याच्यात गोधडी धुवून निघेल ना?"

तेवढ्यावरच सौदा अडला होता, आणि शेठ कान देऊन ऐकत होते.

"नाही काकी. सुकी असताना बसेल, पण पाणी प्यायली की फिरणार नाही. गोधडी हातानेच धुवा. बाकीच्या कपड्यांना हे त्याच्या शेजारचं लहान पुरेल."

विहीणबाईंनी भामाकाकूंकडे पाहिलं.

"घे ती सांगतेय त्याच मशीन," भामाकाकू म्हणाल्या.