आज सगळ्यांचे फोन एकदम वाजले

मंडळी, आज स्वतःच्या कामावर जाम खूश आहे.

निघोज्यातल्या आमच्या कंपनीत मी आयटी बघतो. नुकतंच टेबलावरचे फोन, मोबाईल, मेसेज सगळं एकाच सर्व्हरवर आणलं. "राव, एवढा खटाटोप कशाला?" सुपरवायझर सलीमभाईंनी विचारलं होतं.

आज दुपारी पेंट शॉपमध्ये त्यांनाच गॅसचा वास आला. बाहेर धावत येऊन त्यांनी एक नंबर लावला आणि प्रत्येक शेडमधल्या प्रत्येक फोनवर निरोप गेला: "ताबडतोब बाहेर या!"

सगळे सुखरूप बाहेर आले. प्रेस मशीनवरच्या सुवर्णाताई म्हणाल्या, "मशीनच्या आवाजात भोंगा ऐकूच येत नाही हो. खिशातला फोन थरथरला म्हणून कळलं."

तुमच्या कंपनीत सगळ्यात गोंगाटाच्या मशीनवर कोण असतं? त्यांच्यापर्यंत धोक्याची खबर कशी पोचते?