मशीनला बोटं मोजता येत न्हाईत म्हणे

भूत, भानामती, अंगात येणं... ह्यातलं मी काहीबी मानत न्हाई, हे आधी लिहितो. मानणाऱ्याला तोंडावर येडा म्हणतो. मसनवट्याच्या शेजारचं रान मी एकट्यानं राखलेलं हाय, तिथं मला रानडुकराबिगर कोणी भेटलं न्हाई. शिक्षण माझं चौथी, तीबी अर्धी. सून तुमच्या ग्रुपवरचे हे भुताचे अनुभव मोबाईलवर वाचून दाखवती आन् मी हासतो. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली. मी वहीत लिहिलं, तिनं उतरवलं. तिला बजावलंय — माझी भाषा सुधरायची न्हाई.

डोकं तापलंय म्हून लिहून राह्यलोय. भ्यालो म्हून न्हाई.

आमचं गाव मंठा तालुक्यात. मंठ्यात बाजाराच्या रस्त्याला एका पेंटरचं दुकान हाय. पहिलं तो ब्रशनं पाट्या रंगवायचा, आता फ्लेक्स छापतो, तरी लोक त्याला पेंटरच म्हणतात. माणूस परतूरकडचा. आमच्या गावातलं जुनं त्याला काडीचं माहीत न्हाई. हे ध्यानात ठेवा.

यंदा पोळ्याला गावानं ठरवलं, बैल आता मोजकेच राह्यले, तर जुना बैलवाला म्हून माझा सत्कार करायचा. वेशीवर मोठा फ्लेक्स लावायचा. म्हणले, आबा, तुमच्या जोडीचा फोटो द्या. कुठून देऊ? तव्हा गावात कॅमेरा कोणाच्या बापाकडं व्हता?

पेंटर म्हणला, "फोटोची गरजच न्हाई. तुम्ही नुसतं सांगा, एआय काढतं."

सांगितलं. डावा बैल हौश्या, लालकंधारी, लाल. उजवा बादल, देवणी, पांढऱ्यावर काळे डाग. मधी मी, फेटा बांधून. तोंडाचा फोटो त्यानं तिथंच काढला. च्या प्यायच्या आत चित्र तयार. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

पण चित्र उभं आन् फ्लेक्स आडवा. पेंटर म्हणला, "बाजूची जागा रिकामी राहती. मशीनला चित्र वाढवायला सांगतो. चौकटीच्या भायेर काय असंल ते त्याचं ते भरतं."

"त्याला काय माहीत भायेर काय हाय?"

"माहीत नसतं, आबा. अंदाजानं ठोकून देतं. पुढाऱ्यासारखं."

दाबलं त्यानं. डावीकडं रान आलं, लिंबाचं झाड आलं. उजवीकडं बादलचा कासरा लांब झाला... आन् त्याचं टोक एका हातात व्हतं. नुसता हात, मनगटापासून. पुढं चौकट संपली.

पेंटर फिदीफिदी हासायला लागला. "घ्या! सहा बोटं! ह्या मशीनला बोटं मोजता येत न्हाईत. समद्याच चित्रात असा घोळ घालतं. थांबा, उडवतो."

मी वाकून जवळून बघितलं. अंगठ्याच्या बुडाशी फुटलेलं बारकं बोट, हरभऱ्याएवढं नख. आन् त्या बोटावर तांब्याच्या तारेचे तीन येढे.

तो कासमचा हात व्हता.

आता कासम कोण ते सांगतो. ज्याच्याकडं एकच बैल, त्यानं दुसऱ्या एक बैलवाल्यासंगं सावड करायची. दोघांचे दोन बैल मिळून एक औत. तीन दिवस ह्याच्या रानात, तीन दिवस त्याच्या. हौश्या माझा आन् बादल कासमचा. नऊ वर्षं आमची सावड चालली. गाव त्याला सहाबोट्या म्हणायचं. तो म्हणायचा, "जळा रे! तुमच्यापेक्षा अल्लानं मला एक जादा दिलंय."

नवव्या वर्षी पोळ्याला आमची जोडी वेशीत तोरणाखाली पहिली उभी राह्यली. मी हौश्याला धरलेलं, कासमनं बादलला. तितक्यात परगावचे कोणी पाव्हणे पुढं आले. म्हणले, "काय जनावरं हायेत! कोणाची जोडी?"

मी म्हणलो, "मही."

एक शब्द. 'मही' म्हंजी माझी एकट्याची. 'आमची' म्हणायला काय जड व्हतं? पण हजार डोळे लागलेले, अंगात मस्ती व्हती, निघून गेलं तोंडातून. कासमनं बादलचा कासरा माझ्या हातात दिला आन् पाठ फिरवून चालायला लागला. दुसऱ्या दिवशी बैल सोडून घेऊन गेला. मी म्हणलो, जाय. सावड त्यानं तोडली, मी कशाला पाय धरू? पुढं तो जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात लागला, तिथंच वारला. मी मातीला गेलो न्हाई.

त्याची पोरगी शमीम मंठ्यात दिलेली. कपडे शिवती. मागं एकदा आल्ती माझ्याकडं. "चाचा, अब्बूचा एखादा फोटो असंल का तुमच्याकडं? माझ्याकडं एकबी न्हाई. आता चेहरा याद येत न्हाई बराबर." मी म्हणलो, न्हाई. पाणीबी इचारलं न्हाई तिला.

तर पेंटरनं हात उडवला. परत दाबलं. परत हात. सहा बोटं, तीन येढे. त्यानं मशीनला लिहून सांगितलं, माणूस नको, हात नको. परत हात.

"च्यायला!" पेंटर हासायचा थांबला. "बोटं चुकतं ते ठीक हाय. पण ही तार कशाला गुंडाळली ह्यानं?"

मी त्याची गचांडी धरली. "कोणी सांगितलं तुला? आमच्या गावातलं कोण आल्तं हितं?"

"सोडा आबा! कोणी न्हाई आलं. लेकराची आन!"

मी सोडलं. म्हणलो, "उडवू नको. अजून वाढव."

वाढवलं. कोपर आलं. अजून वाढवलं. खांदा आला, कळकट सदरा आला, डोक्याची टोपी आली. सगळा माणूस आला... पाठमोरा.

"तोंड दाखव म्हणाव."

"लिहिलंय की, आबा. समोरून तोंड असंच लिहिलंय."

परत दाबलं. पाठ. सात खेपा दाबलं. बैल बदलले, झाड हिकडचं तिकडं झालं, माझा फेटा एकदा भगवा एकदा गुलाबी. ती पाठ तेवढी जशीच्या तशी. माझं टाळकं सटकलं. म्हातारा माणूस, भर दुपारी, भर बाजारात मी त्या कॉम्प्युटरच्या काचेवर वरडून राह्यलो — "ए कासम्या! हिकडं बघ! इतकी वर्षं झाली, मेलास तरी तुझी घमेंड जाईना का?"

रस्त्यावरचे लोक जमले. पेंटरनं शटर अर्धं खाली वढलं.

तिथून तसाच उठलो, चित्राचा कागद छापून घेतला आन् शमीमच्या दारात गेलो. मनात म्हणलो, हिचीच करामत दिसती. तिच्यापुढं कागद टाकला. "तू सांगितलं का पेंटरला?"

तिनं कागद उचलला. हातापाशी बोट ठेवलं. तारेवरून फिरवलं. मंग म्हणली, "चाचा, ये तार मैंने लपेटी थी. अब्बू जालन्याला निघाले त्या दिवशी. मी म्हणले, अब्बू, ह्या बोटाला अंगठी न्हाई ना, ही घ्या. फिर निकालेच नै उन्होंने."

ऐका बरं. जालन्याला निघाले त्या दिवशी. म्हंजी सावड मोडल्यावर. म्हंजी ती तार मीबी कव्हा पाह्यली नव्हती! आन् तरी दुकानात मला वाटलं, वळखीची हाय.

घाम फुटला. पण मी तो तिला दिसू दिला न्हाई.

"अब्बू पलटते नै क्या?" तिनं इचारलं.

"सात खेपा सांगितलं मशीनला. आयकत न्हाई."

"मशीनकू कायकू बोलते, चाचा? अब्बूला बोला ना."

"काय बोलू?"

"ते तुम्हाला मालूम."

मला राग आला. कोणावर आला ते मलाच कळंना.

पोळ्याला तोच फ्लेक्स लावायला लावला. लोक म्हणले, आबा, हा पाठमोरा कोण घुसला तुमच्या फोटोत? सत्काराचा हार घातला, माईक हातात दिला. मी म्हणलो, "ही जोडी मही न्हवती. एक बैल माझा, एक कासमचा. आमची सावड व्हती. त्या पोळ्याला मी पाव्हण्याला खोटं बोललो." मागून कोणीतरी खी खी हासलं. म्हातारा चळला म्हणलं असंल. एकानं गडबडीनं माईक घेतला आन् जेवायच्या पंगतीचं सांगायला लागला. शमीम बायकांच्या मागं उभी व्हती. ती हासली न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पेंटरकडं. "दाब."

दाबलं. पाठ!

एवढं गावापुढं नाक घासलं, तरी पाठ! मी उठून चप्पल घालायला लागलो, तर पेंटर म्हणला, "आबा, थांबा. हे बघा."

पहिल्या सातीच्या सात चित्रात टोपीखाली नुसती मान व्हती. आम्ही सगळी काढून ताडून पाह्यली. ह्यात डावा कान दिसून राह्यला. मान बोटभर हिकडं वळलेली.

पेंटर म्हणतो, मशीन दर खेपेला थोडं येगळं काढतं, त्यात इशेष न्हाई. असंल. मंग तार कुठून आली ते सांग म्हणलं, तर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळतो. शिकलेल्या दोघा-तिघायला इचारलं, त्यांनी मोबाईलमधी डोकं घातलं. तुमच्यात कोणी जाणकार असंल तर सांगा, पण मला येड्यात काढू नका.

मी भूत मानत न्हाई. आजबी न्हाई. पण दर बाजाराला मंठ्याला जातो, शमीमला संगं घेतो, आन् पेंटरला म्हणतो, दाब. अजून गाल आला न्हाई. कासम पहिल्यापासून हट्टी. पण मीबी काही कमी न्हाई.