‘ताबडतोब उतरा’

आमच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याला सगळे ‘चिमटे’ म्हणायचे. चिमटा कायम कानावर, आणि बोलणंही तसंच, कातडी धरून ओढणारं. सासऱ्याने छापून आणलेल्या पत्रिकेत याने सात चुका काढल्या म्हणून लग्न मोडता मोडता राहिलं म्हणे. मालकीणबाई सांगायच्या, मी आपला फक्त पुढे सांगतो.

एकदा निवृत्त सेनापतींचं पुस्तक छापायला आलं, यादवीतल्या टेकडीच्या लढाईवरचं. तिसाव्या पानाशी चिमटेचा हात थांबला. ‘टेकडीवरची तुकडी आदेश नसताना पळत खाली आली आणि लढाई हातची गेली.’ त्या तुकडीचा नाईक चिमटेचा थोरला भाऊ. पायथ्याशीच मेला. पळपुटा ठरला म्हणून चौकातल्या स्मारकावर त्याचं नाव नाही.

सेनापती मुद्रितं बघायला आले, तसा चिमटेने टेबलावर शिशाच्या पट्ट्यांची नदी मांडली, जाड टायपाची टेकडी रचली, तीन खिळे तीन तुकड्या म्हणून उभे केले.

“साहेब, राखीव तुकडी कुठं होती?”

“काठावर. तिने नदी उतरून पलीकडे जायचं होतं. बेत कळावा म्हणून एकच चिठ्ठी तिन्ही तुकड्यांना धाडली.”

चिमटेने डागाळलेली चिठ्ठी पुढे केली. दादाच्या खिशात सापडलेली. दोनच शब्द: ताबडतोब उतरा.

“यात नदी कुठाय?”

“अहो, नदीच उतरणार ना! शेंबड्या पोरालाही कळेल.”

“टेकडीवरच्या माणसाला ‘उतरा’ म्हटलं तर तो काय आणखी वर चढेल? चारशे पानं खरडलीत, तेव्हा ‘नदी’ ही दोन अक्षरं जड झाली?”

“चिमटे, गप्प बस!” मालक ओरडले.

सेनापतींनी उदार चेहरा केला. “बरं, ‘आदेशाचा गैरसमज होऊन’ असं घाला.”

“गैरसमज कुणाचा? तुम्ही लिहिलंत तेच त्यांनी वाचलं!” चिमटेने तिथल्या तिथे ओळ जुळवली, शाई फिरवली, कागद दाबला. ‘माझा आदेश अपुरा होता. टेकडीवरची तुकडी तो पाळूनच उतरली.’ “करा सही.”

सेनापती पुस्तक घेऊन दुसऱ्या छापखान्यात गेले. चिमटे घरी गेला, कायमचा.

आता रोज सकाळी स्मारकावर ती ओळ आणि भावाचं नाव चिकटवलेलं असतं. दुपारी पालिकेचा माणूस खरवडतो. परवा चिमटेने त्याला गाठलंच.

“कुणी सांगितलं रे तुला?”

“पालिकेतल्या साहेबांनी.”

“लेखी घे त्यांच्याकडून,” चिमटे चौकभर ओरडला, “आणि पूर्ण वाक्यात घे!”