एका गावात दोन रात्री

आई, आर्नहेमचं घर सोडलं त्या सकाळी तू व्हिडिओ कॉलवर होतीस. किल्ल्या घरमालकाला देऊन झाल्या होत्या, निखिल कॅम्परच्या, म्हणजे आमच्या नव्या राहत्या गाडीच्या, पाण्याच्या टाकीशी झटापट करत होता, आणि तुझं आपलं एकच, "पोरीच्या हातावर दही-साखर दिलीस का?" सगळं सामान बांधलेलं, मी वैतागले. शेवटी कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटातून दही आणलं आणि चार वर्षांच्या इराने पार्किंगमध्ये उभं राहून तळहात चाटला. तिकडे कोथरूडमध्ये तू डोळे पुसत होतीस. मला राग आला तुझा. आम्ही काय वनवासाला निघालो होतो?

वर्षभर गाडीतून भटकायची हौस आमचीच होती. निखिलचं काम लॅपटॉपवर चालणारं, माझा प्रोजेक्ट संपलेला. इथे नेदरलंड्समध्ये मूल पाच वर्षांचं झालं की शाळा सक्तीची, म्हणजे हातात एकच वर्ष. पत्रांसाठी रॉटरडॅमच्या मित्राचा पत्ता, तोही खेमेंतेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, रीतसर कळवून. बाकी सगळा संसार सात मीटरच्या गाडीत.

पण अष्टविनायक दोन दिवसांत उरकणारी माणसं आपण! निखिलने एक्सेल शीट केली. एका गावात दोन रात्री, तिसऱ्या सकाळी पुढे. "आलोच आहोत तर तेही बघून टाकू," हे मात्र माझं वाक्य, उगाच त्याच्या एकट्याच्या माथी कशाला मारू? किल्ले, बेटं, पवनचक्क्या, सगळं बघून टाकलं. आता कुठे काय बघितलं हे सांगायचं तर मला फोनमधले फोटो उघडावे लागतात.

आणि दर तिसऱ्या सकाळी इराच्या हातावर दही. तू वर्षातून एकदा-दोनदा द्यायचीस, परीक्षेला नाहीतर लांबच्या प्रवासाला. मी आठवड्यातून तीन-चारदा देत होते, आणि वर मला वाटत होतं की मी मुलीवर संस्कार करतेय.

झीलंड प्रांतात समुद्राजवळच्या कॅम्पिंगवर तिला फेना भेटली, तिच्याच वयाची. तिच्याकडे ससा होता. दोन दिवस इरा जेवायलासुद्धा आत येईना. तिसऱ्या सकाळी मी दह्याची वाटी घेऊन बाहेर गेले, तर मला बघताच तिने मूठ आवळली. अगदी घट्ट, पांढरी पडेपर्यंत. "उद्या जाऊ ना," म्हणाली. पुढचं बुकिंग झालेलं होतं. "दह्याला नाही म्हणू नये," असं म्हणत मी तिची बोटं एकेक करून उघडली. उघडली गं मी, माझ्या हातांनी. दही तिच्या फ्रॉकवर सांडलं. ती रडली नाही, मुकाट गाडीत जाऊन बसली. फेना हात हलवत होती. इराने काचेबाहेर पाहिलंही नाही.

त्यानंतर ती कुठल्याही नव्या मुलाला आधी विचारायची, "हूफेल नाख्टयेस?" म्हणजे किती रात्री. त्याने दोन म्हटलं की परत फिरायची. मग समोरचा पाच म्हणाला तरी परत फिरायला लागली, कारण आमच्या रात्री तिला माहीत होत्या. दही तर तिने कायमचं सोडलं.

तू फोनवर म्हणायचीस, "पोरीला जरा टेकू द्या रे कुठेतरी." आम्ही टेकलो, पण फार उशिरा. शेवटी शेवटी एका जंगलाकाठी तब्बल पाच आठवडे राहिलो. बाहेर झोपाळा होता, पोरं होती. इरा गाडीत बसून चित्रं रंगवत राहिली.

आमचे फोटो पाहून "आम्हालाही असंच निघायचंय" म्हणणाऱ्या इथल्या मैत्रिणींना मी सांगते, निघा, मी कोण अडवणार? पण किती दिवस थांबायचं हे शीटला विचारू नका, लेकराला विचारा. ते अजून सांगतंय तोवर विचारा.

आता लायडनमध्ये घर घेतलंय, भाड्याचं, पण चांगलं. तिची शाळा सुरू होऊन सात महिने झाले. बाई म्हणतात, मुलगी हुशार आहे, शांत आहे. मधल्या सुट्टीत भिंतीपाशी उभी असते, हेही त्याच सुरात सांगतात. निखिल म्हणतो, होईल हळूहळू. तू "आता बरं आहे ना, घर झालं ना?" असं विचारतेस आणि मी हो म्हणते. आज खरं सांगते.

गेल्या बुधवारी दुपारी बेल वाजली. खिडकीतून पाहिलं तर तिच्या वर्गातली एक मुलगी, सायकल धरून उभी, खेळायला बोलवायला आलेली. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणी आलं होतं. मी आनंदाने धावत इराला हाक मारली. ती जिन्यावर आली, खाली बघितलं आणि तिथेच बसली. एरवी माझ्याशी डचमध्ये बोलणारी माझी पोर हळू आवाजात, स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई, तिला सांग, मी घरी नाहीये."

मी दार उघडलं आणि तसंच सांगितलं. आई, खोटं बोलतेय असं मला वाटलंच नाही.