सोमीबायची उलटतपासणी

वाडीवर पहिल्यांदा गेले तेव्हा सोमीबायनं माझ्यापुढं हात पसरला. मी लोहाच्या गोळ्यांची पट्टी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं एक गोळी फोडून काढली, उजेडात धरली, वास घेतला आणि मलाच परत दिली.

"आधी तू खा."

मी गोळी गिळली. ती समोर उकिडवी बसून कंटोळी निवडत राहिली, पण नजर माझ्यावरच. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आता जा. उद्या ये. जिती आलीस तर बघू."

दुसऱ्या दिवशी मी जिवंत पोचले. "आलीस?" एवढंच ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता; थोडी निराशाच असावी.

पनवेलजवळ, नेरे गावाच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला आमचं आरोग्य उपकेंद्र आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची ही वाडी. पूर्वी एक नर्स लसीकरणाच्या दिवशी खालच्या गावात येऊन बसायची. वाडी खाली उतरली तर उतरली, नाहीतर रजिस्टरात 'गैरहजर'. मग उपकेंद्राचा दर्जा वाढला, माणसं वाढली. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून मी आले. शुभांगी नर्स, खालच्या गावातली आशाताई लता आणि आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर धरून आम्ही चौघं. मोठ्या उत्साहानं मी सोमीबायला सांगितलं, "आजी, आता आमची टीम आहे."

"एक यायची तवा एकीवर नजर ठेवायला लागायची," ती म्हणाली. "आता चौघांवर ठेवा."

ती वाडीची पुढारी नव्हती, वैदू नव्हती, सुईणही नव्हती. पनवेलच्या बाजारात रानभाजी विकायची. साठीची, सुकलेल्या फांदीसारखी काटक, कपाळावर गोंदण. पण ती 'हं' म्हणाल्याशिवाय वाडीतली एकही बाई रक्तदाब मोजायला दंड पुढं करत नसे. मी पिशवीतून काहीही काढलं की प्रश्न सुरू व्हायचे. हे कशाचं? कोनी धाडलं? कागदावर काय लिवलंस? वाच बघू. मी वाचायचे. दोन दिवसांनी तोच कागद ती लताकडून पुन्हा वाचून घ्यायची. दोघींचं जुळतंय का ते बघायला.

रक्ताचे नमुने घेतले तेव्हा तिनं विचारलं, "रगत कुठं नेता?"

"पनवेलला. तपासायला."

"मी येते."

मला वाटलं, बोलते आहे नुसती. पण ती खरंच गाडीत बसली, नमुन्यांचा डबा मांडीवर घेऊन. प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभं राहून तिनं सगळं पाहिलं. नळ्या यंत्रात गेल्या, बाहेर आल्या, शेवटी लाल पिशवीत टाकल्या गेल्या. परत आल्यावर वाडीला तिनं जाहीर केलं, "इकत नायत. टाकून देतात." त्या दिवसापासून बायका रक्त द्यायला लागल्या. मला वाटलं, जिंकले.

तीन आठवड्यांनी ओढ्याच्या काठाला गोळ्यांच्या पट्ट्या पडलेल्या दिसल्या. भरलेल्या. मी तरातरा वर गेले. सोमीबाय दारातच बसली होती.

"गोळ्या फेकल्या तुम्ही?"

"आमची परसाकड काळी झाली. पोरी घाबरल्या. तुला ठाव होतं?"

"होतं. तसं होतंच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही."

"मंग आधी का नाय सांगितलंस?"

मी खरं ते बोलून गेले. "सांगितलं असतं तर तुम्ही घेतल्या नसत्या."

ती ओरडली नाही. मग म्हणाली, "म्हंजे आमी काय ऐकायचं, ते तू ठरवलंस."

नोकरीतलं कुठलंही प्रशिक्षण मला इतकं लागलेलं नाही. त्या दिवशी खाली उतरताना लतानं मला चंद्रीची गोष्ट सांगितली. चंद्री सोमीबायची एकुलती एक मुलगी. दुसऱ्या बाळंतपणात तिला कुठल्याशा दवाखान्यात नेली होती. तिथं कपड्यांना वास येतो म्हणून आईला बाहेर काढलं, चंद्रीच्या दंडावरचा काळा दोरा कात्रीनं कापला, एका कागदावर सोमीबायचा अंगठा घेतला. दुसऱ्या दिवशी चंद्री गाडीत घालून परत दिली. पोटातलं मूलही गेलं. कशानं गेली, ते कुणीच सांगितलं नाही. मागं राहिली ती चंद्रीची थोरली पोर, जनी.

आम्ही रीत बदलली. औषध देताना त्याचा त्रासही आधी सांगायचा. उपकेंद्रात बोलवायचं नाही, आपणच वाडीच्या अंगणात बसायचं. डॉक्टरसुद्धा खुर्ची मागत नसत. बायका वीटभट्टीवरून परत आल्या की मगच तपासणी. सोमीबायनं हे सगळं पाहिलं आणि शुभांगीला विचारलं, "आता काय पाहिजेल तुमाला?"

मग जनीला दिवस गेले. आठव्या महिन्यात तिचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. रक्तदाब मोजला, खात्रीसाठी पुन्हा मोजला; फारच वाढलेला होता. "आजच पनवेलला न्यायला हवी."

"चंद्रीच्या येळेलाबी न्या न्याच म्हनत होते," सोमीबाय म्हणाली आणि दारात आडवी बसली.

मी डॉक्टरांना फोन केला. ते आले, तिच्यासमोर जमिनीवर बसले. जनीच्या शरीरात काय बिघडलंय, न नेलं तर काय होईल, नेल्यावरही काय होऊ शकतं, सगळं सांगितलं. खात्री देतो म्हणाले नाहीत. जनी वाचेल का, हेच सोमीबायनं तीनदा विचारलं, तीन वेगळ्या तऱ्हांनी. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. तेव्हा ती उठली.

"मी आत ऱ्हानार." तिनं माझ्याकडे बोट केलं. "ही बायबी आत ऱ्हानार. इचारल्याबिगर कायबी कापायचं नाय. आन् अंगठा मी वाचून घेतल्यावर देईन."

रुग्णालयातल्या मुख्य सिस्टरना मी गाडीतूनच फोन करून हे सांगितलं. त्यांनी उसासा सोडला, पण 'या' म्हणाल्या. तरी ऑपरेशनच्या तयारीत एक मदतनीस बाई सवयीनं कात्री घेऊन जनीच्या दंडाकडे वळलीच. सोमीबायनं तिचं मनगट पकडलं.

"आजी, दोरा काढावाच लागेल," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "जंतू जातील आत."

"काढायचा तर मी सोडते. कापायचा नाय."

गाठ जुनी होती, घट्ट बसलेली. ती नखानं एकेक पीळ सैल करत राहिली. सिस्टरनी घड्याळाकडे एकदा पाहिलं, पण हूं की चूं केलं नाही. गाठ सुटली. सोमीबायनं तो दोरा स्वतःच्या दंडाला बांधला, कागद शब्दन् शब्द वाचून घेतला आणि अंगठा दिला.

जनी वाचली. मुलगी झाली, जेमतेम वजनाची, पण रडली खणखणीत. मला वाटलं, आता तरी ही माझा हात हातात घेईल. ती म्हणाली, "या येळेला झालं."

आठवड्यानं मी जनीला तपासायला गेले. निघताना सोमीबाय ओढ्यापर्यंत माझ्याबरोबर आली. असं ती कधी येत नसे.

"चंद्रीचे पायबी असेच सुजले होते," ती म्हणाली. "डोका दुखतंय म्हनायची. मंग झटके आले. तवा नेली."

मी पिशवी खाली ठेवली.

"आधी नेली असती तर?"

'कुणाला माहीत' असं म्हणता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण तिनं काय ऐकायचं, ते पुन्हा मीच ठरवलं असतं.

"वाचली असती," मी म्हणाले. "बहुतेक."

ती खाली दगडावर बसली. "तवाची नर्स दोन दिस आधी वर आलती, दवाखान्यात न्या सांगायला. मी धाडली नाय. घरात दाबून ठेवली पोरीला. म्हनलं, कोन नेतील, काय करतील." गुडघ्यावर हात टेकून ती उठली. "ह्ये वाडीत कुनाला ठाव नाय. लिवू नको कुठं."

मी लिहिलं नाही. सोमीबाय गेली त्याला आता वर्ष होत आलं, तरी आजवर लिहिलं नव्हतं. आज लिहिते आहे, कारण नंतर ते तिनंच सांगून टाकलं.

तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात वाडीतल्या एका पहिलटकरणीला रक्तस्राव सुरू झाला. सासू पाठवायला तयार नव्हती. आम्ही चौघांनी समजावून पाहिलं, ती ऐकेना. सोमीबाय काठी टेकत आली. अंगणात सगळी वाडी जमली होती. तिला खोकला लागला होता, आवाज फुटत नव्हता, म्हणून सगळे गप्प झाले.

"चंद्रीला दवाखान्यानं मारली, असंच सांगत आले ना मी?" ती म्हणाली. "त्यांनी वंगाळ केलं, ते खरं हाय. पन दोन दिस मी तिला दाबून ठेवली होती. ती आई आई करीत होती नि मी दारात बसून होते." मग ती सासूकडे वळली. "इचार, पाहिजेल तेवढं इचार. मीबी इचारते. पन गाडीत बसून इचार."

मग त्या सासूनं पदरानं तोंड पुसलं आणि सुनेच्या पाठीला हात लावून तिला उठवलं.

गाडी आली. आम्ही पोरीला आडवी केली, सासू तिच्या उशाशी बसली. मी चढायच्या आधीच सोमीबाय आत जाऊन बसली होती. दार लागलं तशी ती पुढं वाकली, ड्रायव्हरकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ह्यो नवा हाय. कुठला? इचारलंस?"