सोलापुरातला फ्रेंच हुंकार

निखिलला ऐनवेळी सुट्टी नाकारली, म्हणून एलोडीला घेऊन सोलापूरला मीच निघाले. निखिल माझा मावसभाऊ, नोकरीला फ्रान्समध्ये. एलोडी त्याची होणारी बायको. पण ‘होणारी’ हे फक्त त्याच्या मते. मावशीचा होकार बाकी होता. "आदी बगू तर दे," एवढंच ती म्हणाली होती. घरात मोडकंतोडकं फ्रेंच येणारी मी एकटी, त्यामुळे दुभाषीही मीच.

पुण्याहून पहाटे निघालात तर रस्ता मोकळा मिळतो. भिगवणला चहा-पोहे उरकले की जेवायच्या वेळेला आरामात सोलापूर. टेंभुर्णीच्या आसपास उसाचे ट्रॅक्टर लागतात, तिथे पुढे जायची घाई करू नका. एलोडीला मी ऊस दाखवला की "जेनियाल!", डुलत जाणारा ट्रेलर दाखवला की "से पा व्रे!" म्हणजे झकास, आणि काय सांगतेस! किती गं कौतुक करतेस, म्हटलं. तर म्हणाली, आमच्याकडे गप्प राहून ऐकलं तर समोरच्याला वाटतं, हिला कंटाळा आला.

जेवायला कडक भाकरी, आमटी आणि शेंगाचटणी. सोलापूरला गेलात तर भाकरी आमटीत चुरूनच खा. जेवणं झाली आणि मावशीचे यजमान, आमचे काका, खुलले. त्यांचा सगळा जन्म अक्कलकोट रोडवर चादरी विणणाऱ्या मागांवर गेला. नवखे असताना त्यांनी मागाला नक्षीची भोकांची कार्डं उलटी लावली आणि चादरीवरचा एक मोर डोक्यावर उभा राहिला, ती गोष्ट ते सांगू लागले. मी भाषांतर करतेय तोवर एलोडीचं सुरू: "आ बों?" "ए आप्रे?" आमच्या घरात मोठी माणसं बोलताना कुणी मध्ये तोंड घालत नाही. काका दर वेळी थांबायचे. शेवटी त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि गप्प झाले.

स्वयंपाकघरात मावशी हळूच म्हणाली, "पोरगी गोड हाय गं. पन मोट्या मानसाला बोलूच देत न्हाय की. निखिलला काय सांगू मी?"

मी घाईने म्हटलं, "मावशी, ती अडवत नाहीये गं. ती ‘व्हय का?’, ‘मग?’ असं विचारतेय. त्यांच्याकडे असंच ऐकतात."

मावशीचा हात थांबला. "म्हंजे हुंकार द्यायलीय व्हय?"

लहानपणी हीच मावशी गोष्ट सांगायची आणि आम्ही हुंकार विसरलो की गोष्ट तिथंच बंद करायची. ती पदराला हात पुसत बाहेर गेली. "अवो, बोला की तुमी! ती हुंकार द्यायलीय."

काकांनी पहिल्यापासून सुरुवात केली. बिघडलेली चादर मालकाने त्यांनाच देऊन टाकली आणि लग्नानंतर या दोघांनी पहिला हिवाळा तिच्यात काढला. मावशीने ती पेटीतून काढून आणली. एलोडीने उलट्या मोरावरून हात फिरवला आणि काहीच बोलली नाही.

"कंटाळली का काय?" काकांनी घाबरून विचारलं. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले.

दुसऱ्या दिवशी नव्या पेठेतून चादरी आणि शेंगाचटणी घेऊन आम्ही परतलो. होकाराचं कुणीच काही बोललं नव्हतं आणि विचारायचा मला धीर झाला नाही. पुण्यात पोचून चहा टाकला, तेवढ्यात मावशीचा फोन. "एलोडीला दे."

"थांब, मी सांगते तिला काय ते."

"तू नगं मदी. तिला दे."

मग बराच वेळ मावशी तिकडून मराठीत बोलत राहिली आणि एलोडी इकडून "आ बों? ए आप्रे?" करत राहिली. शेवटी फोन माझ्याकडे आला.

"सांगितलंय मी तिला समदं," मावशी म्हणाली. "मांडव हितंच घालायचा. निखिलला तेवडं तू कळव."