अंगठ्यावरची शाई

परवा बँकेत एका आजींच्या अंगठ्यासाठी स्टॅम्प पॅड उघडलं आणि त्या शाईच्या वासानं मी रांग सोडून बाहेर आले.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी धुळ्यात, बाळं दत्तक देणाऱ्या एका संस्थेत कामाला होते. सोनगीरकडची एक लग्न न झालेली मुलगी आपलं बाळ द्यायला आली होती. दुधानं तिची ओढणी भिजली होती. सहीसाठी तिनं पेन उचललं, तसा तिचा काका गुरकावला, "तिले काय समजस? आंगठा ल्या तिना!"

पोरगी बारावी झालेली. पण सही करायची तर ती कागद वाचणार, आणि साठ दिवसांत मन बदललं तर बाळ परत मागता येतं, हे तिला कळणार. खरं तर ते तिला वाचून दाखवणं माझंच काम होतं. मी एक ओळही न वाचता तिचा अंगठा धरून कागदावर दाबला.

"शाई पुशी टाका ताई, गावमा कोणले दिखाले नको," अंगठा पुढे करत ती पोरगी म्हणाली.

मी कापसावर खोबरेल घेतलं आणि तिचा अंगठा हळुवार पुसला. "थँक्यू ताई," ती म्हणाली.

त्या हळुवारपणावर मी कितीतरी दिवस खूश होते. आज माझ्याच बोटांची शिसारी येते.